दम खाऊ दे त्याला

उणे बावीस. डॅशबोर्डवर पिवळा दिवा,
नालेसारखा, पोटात उद्गारचिन्ह.
काल नव्हता. काल उणे सहाच होतं.
थंडीत हवासुद्धा अंग चोरून बसते,
हे बत्तीस वर्षं शाळेची बस हाकून मला ठाऊक आहे,
तरी दर हिवाळ्यात मी त्या दिव्याकडे
नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघते.

पेट्रोल पंपावरची हवा दोन डॉलर, तीही सुट्ट्या नाण्यांत,
आणि तिथली नळी गोठून काठी झालेली.
म्हणून हा घेतला, एकोणतीस डॉलरांचा,
केशरी, विटेएवढा, बिनवायरचा.
दुकानातला पोरगा म्हणाला, याहून चांगले आहेत.
असतील की.

बॅटरीला थंडी बाधते असं खोक्यावर लिहिलंय,
म्हणून रात्री तो घरात, चुलीजवळच्या खुर्चीवर.
मांजर त्याला पाठ लावून झोपलं.

पहाटे साडेपाच. कपाळावर दिवा, गुडघ्याखाली जुनी उशी.
व्हॉल्वची टोपी हातमोज्यातून निसटली.
काळी टोपी, पांढरा बर्फ, आणि तरी सापडेना.
मोजा काढला, नळी फिरवली.
फुस्स. होती नव्हती तीही थोडी गेली.
सव्वीस.
बटण दाबलं आणि अख्खी टेकडी दणाणली,
जसा पत्र्याच्या डब्यात कोंडलेला भुंगा,
तोही संतापलेला.

सत्तावीस. सत्तावीस.
सत्तावीस.
अठ्ठावीस.
पस्तीसला आपोआप थांबतो. थांबला.
कुणी सांगितल्याबरोबर थांबलेलं
मी फार दिवसांनी पाहिलं.

दुसऱ्या चाकानंतर तो इतका तापला
की हातात धरवेना.
कागदावर आहे: पाच मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबा.
थांबले.
सुपीरिअर सरोवरावरून वारा येत होता.

तेवढ्यात रूडी वेस्टरलुंड बाहेर आला,
झोपण्याच्या कपड्यांवर कोट, पायांत न बांधलेले बूट.
दोन हिवाळे बोललो नव्हतो आम्ही,
त्याने माझ्या दारात लोटलेल्या बर्फावरून,
आणि त्यावर मी जे म्हणाले त्यावरून.
दुसरं जास्त लागलं असावं.

"जळतंय का ते?"
"नाही. दम खातंय."
"तुला घाई असेल."
"मला आहे. त्याला नाही."

त्याने हात पुढे केला. मी दिला.
दोन्ही पंजांत त्याने तो धरला,
गरम बटाटा धरतात तसा,
मग छातीशी.
बराच वेळ काही बोलला नाही.
मीही नाही. माझी बोटं बधिर झालेली,
पण माग परत कसं म्हणायचं.
मग त्यानेच अर्धा माझ्याकडे सरकवला.
एका विटेला चार हात.

तिसरं चाक एकतिसावर अडलं.
आवाज खोल गेला, घरघरला,
आकडे पुसट झाले आणि गेले.
"एकतीस चालेल," रूडी म्हणाला.
"चालेल."
चौथं आम्ही पाहिलंच नाही.
दिसलं नाही म्हणजे कमी नाही,
असं वडील बँकेच्या पुस्तकाबद्दल म्हणायचे.

डेपोपर्यंत गाडी किंचित उजवीकडे ओढत होती.
अर्ध्या वाटेत आठवलं,
तो त्याच्याच हातात राहिला.

संध्याकाळी माझ्या पायरीवर प्लॅस्टिकची पिशवी.
आत तो, पूर्ण चार्ज केलेला, चारही हिरवे ठिपके.
सुरू केला तर पडद्यावर बारा.
त्याने आपल्या हातगाडीचं चाक भरलं होतं.
बर्फ मात्र माझ्या दारात होता तसाच,
उलट एक थर जास्त.

मी पुन्हा पस्तीस लावले
आणि चौथ्या चाकापाशी बसले.
टोपी अजून सापडलेली नाही.
एप्रिलमध्ये बघू.