ऋण बाजू

क्वार्टझसाइटच्या वाळवंटात, जानेवारीत,
दिवेलागणीला
आपल्या घराचे डोळे मिचमिचले.
घर म्हणजे सत्तावीस फुटी मोटरहोम,
ॲमरिलोच्या एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतलेलं,
ज्याच्या कपाटांना अजून लवंगतेलाचा वास येतो.

दिवे पिवळे पडले. पाण्याचा पंप
दोनदा खोकला आणि गप्प.
फ्रीजने लाल अक्षरांत कसलीशी तक्रार नोंदवली.

नेमकं आजच.
सकाळी ब्लाइथच्या पेट्रोल पंपावर, टाकी भरता भरता
तू म्हणालास, पुरे आता,
सांगलीचा फ्लॅट ताब्यात घेऊ, परत जाऊ.
मी म्हटलं, कुठे परत?
पुढचे तेवीस मैल
आपण काचेवर चिकटलेले किडे बघत आलो.

बॅटरी भरलेली होती. बारा पॉइंट सहा.
फ्यूज एकेक उपटून मी उजेडात धरले,
तांदळातले खडे शोधावेत तसे.
सगळे शाबूत.
तू मदतकेंद्राला फोन लावलास.
माणूस मंगळवारी येणार होता. आज गुरुवार.

माझे बाबा इचलकरंजीत वायरमन होते,
यंत्रमागांच्या शेडमधून फिरायचे,
खिशात टेस्टर, कानात कापसाचे बोळे.
म्हणायचे, पोरी, जो तो धन बाजू तपासतो,
माल तिकडून येतो ना.
ऋण बाजूकडे कुणी ढुंकून बघत नाही.
गेलेला करंट परत यायला नको?
परतीची वाट गंजली
तर भरली बॅटरीसुद्धा उपाशी मारते.

मी सतरंजी टाकून गाडीखाली शिरले.
एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला,
दुसरं लांब वायर जोडून माझ्या हातात.
मीटर मात्र वर, पायरीवर.
वाचायला माणूस हवा.
माणूस एकच होता.

"किती?"
सकाळपासूनचा माझा पहिला शब्द.
"दोन पॉइंट नऊ."
तुझा पहिला.
"शून्याजवळ हवं. नीट बघ."
"नीटच बघतोय. दोन पॉइंट नऊ. आता तीन."
"पंप बंद कर."
"शून्य पॉइंट सहा."
"लाव परत."
"तीन."
तू परत या शब्दावर क्षणभर अडखळलास,
की मलाच तसं वाटलं.

शेजारच्या ट्रेलरमधून वर्ना आली,
ऐंशीची, मागे एका कानाचा कुत्रा,
हातात तारेचा ब्रश आणि टॉर्च.
वाकून म्हणाली, इथे आवाज लांबवर जातो हं.
आणि आवाज नसणं
त्याहून लांब.

चासीवर तो बोल्ट सापडला,
कुणीतरी गंजावरूनच रंग फासलेला,
वायरीच्या टोकाला हिरवी बुरशी.
बॅटरी सोडवली. बोल्ट काढला.
घासत राहिले,
गंजाची भुकटी पापण्यांवर, ओठांवर,
लोखंड नव्या विळीच्या पात्यासारखं दिसेपर्यंत.
मग तेरा नंबरच्या पान्याने आवळलं,
बाबा आवळायचे तसं,
शेवटच्या पाव फेऱ्याला श्वास रोखून.

"जोड बॅटरी. लाव पंप. सगळे दिवे लाव."
वर पंप गुरगुरू लागला, एका लयीत, न खोकता.
"किती?"
"शून्य पॉइंट शून्य दोन."
थोडं थांबून तू विचारलंस,
"म्हणजे आता काहीच नाही ना?"
"थोडं राहतंच," मी म्हटलं.
"तेवढ्याने काही अडत नाही."

बाहेर आले तेव्हा आपल्या खिडकीचा उजेड
वाळूवर चौकोनी पडला होता,
आणि त्यात वर्नाचा कुत्रा बसला होता
जणू भाडं भरून.
तू हात दिलास. माझे हात काळे.
"सांगलीचं," तू सुरुवात केलीस.
"आधी हात धुऊ दे," मी म्हटलं.
"पाणी आलंय."