विषयाचा रकाना

पूर्णा जंक्शनच्या आमच्या वाचनालयात
चार नंबरच्या कपाटात विज्ञान,
सहा नंबरात सामाजिक आणि प्रेमकथा.
हणमंत गुट्ट्यांची अकरा पुस्तकं चारमध्ये.
बारावं माझ्या टेबलावर,
तीन वर्षं झाली, पेपरवेटखाली.

गुट्टे परळीच्या थर्मलमध्ये बॉयलरवर होते.
रात्रपाळीला, राखेनं भुरकट झालेल्या वहीत,
चिमण्यांकडं बघत बघत
त्यांनी 'शनीचा फेरा' लिहिला, भाग एक ते अकरा.
कप्तान एस. सोनटक्के. यान जुनं, इंधन कमी,
आणि खिशात एक पितळी डबी,
जी तो अकरा भागांत एकदाही उघडत नाही.
मंगळावर नाही. उल्कांच्या माऱ्यात नाही.
शेवटी यान फुटतं,
कड्यांच्या धुळीत सगळं विखरून जातं,
मूठ तेवढी मिटलेली.

मग हे बारावं. 'दहिवर'.
यात यान नाही, तारा नाही, बटण नाही.
वसमतकडचं एक शिवार,
पहाटे करडई काढणारी माणसं,
कारण ऊन चढलं की काटे ताठ होतात,
ओल असेतोवरच हात घालता येतो.
तिथं शेवंता आणि सोपान,
एकाच तासात पुढं-मागं,
पन्नास पानं नुसती बोटांत काटे भरतात.
एकशे बाराव्या पानावर एक ओळ:
'वरून एक ठिपका सरकत गेला.
सोपाननं मान वर केली, तिनं नाही.'
बस. तेवढाच काय तो शनीशी संबंध.
पुढं सोपानचं आडनाव येतं, एकदाच,
भरतीच्या कागदावर.
ती स्टेशनात डबी देते.
आत सात दाणे करडईचे.
गाडी सुटते, पुस्तक संपतं,
आणि त्याच उन्हाळ्यात गुट्टेही.

गँगमनचा फैजान अकराच्या अकरा वाचून आला होता,
त्यानं हे दोन दिवसांत आणून आपटलं.
"सर, कुठं उडायलंय ह्यात काही?
नुसतं शेतच हाय की!"
कितव्या पानावर सोडलंस, विचारलं.
"चाळीस."
डबीत काय आहे ते मला ठाऊक होतं.
सांगितलं नाही.

द्वारका खिल्लारे, अंगणवाडीची मदतनीस,
दर गुरुवारी सहा नंबरातलं एक नेते.
तिनं 'दहिवर' दोनदा नेलं.
दुसऱ्यांदा परत करताना काउंटरवर रेंगाळली.
"गाडीत बसला, मग पुढं काय झालं ओ त्याचं?"
आयुष्यात पहिल्यांदाच
मी एका कपाटाची किल्ली काढून
दुसऱ्या कपाटातल्या वाचकाला दिली.

अकरा पुस्तकं, अकरा गुरुवार.
खिचडीच्या हळदीचे ठसे पानांवर,
गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात जास्त.
शेवटचं ठेवलं आणि म्हणाली,
"येवढ्या लांब नेली, अन् उघडली न्हाई?"
मी म्हटलं, जपली त्यानं.
"जपायला दिलती का तिनं?
करडई हाय ती. पेरायची असती."
पिशवीचा बंद खांद्यावर ओढला.
"डबी द्यायचीच नव्हती.
दाणे तसेच हातावर ठिवायचे,
मंग बघितलं असतं, कुठवर नेतो."
आणि पुढच्या गुरुवारासाठी
काहीतरी हसायचं काढून ठेवा, असं सांगून गेली.

मी नोंदवही उघडली.
दाखल क्रमांक, लेखक, पृष्ठे एकशे चाळीस, किंमत.
विषय: पेन टेकवलं, शाईचा ठिपका पडला,
तो तसाच आहे.

काल फैजान आला. बारावीचं वर्ष, मिसरूड फुटलेली,
शर्ट इस्त्रीचा, हे नवीन.
चार नंबरापुढं उगाच उभा राहिला,
मग माझ्याकडं न बघता,
"ते शेताचं होतं ना सर...
असलं तर द्या. बहिणीला पाहिजे."
त्याला बहीण नाही.
मी पेपरवेट उचलला,
तारखेचा शिक्का मारला,
आणि पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं,
नाव आत.