डावीकडून दोन बोटं

मुळावेकर सर म्हणाले, हंगेरीचं आहे.
मला ऐकू आलं हिंगोली.
पावतीवर तसंच लिहिलं: हिंगोली, एक नग,
काच साधी, पट्टी काळी, अॅडव्हान्स चाळीस.

मानवतच्या या दुकानात
देव येतात, नवरा-नवरी येतात,
वारलेली माणसं येतात आधार कार्डावरून मोठी होऊन
आणि चंदनाचा हार घालून परत जातात.
नुसती खोली कुणी आणली नव्हती.

खोलीच. टेबल,
त्यावर उतरत्या उन्हाचा तुकडा.
कपाट जांभळं. (लाकूड कधी जांभळं असतं का?)
खुर्चीची पाठ करडईच्या फुलासारखी,
आणि पाठमोरी एक बाई, काहीच न करणारी.
हातात सूप नाही, सुई नाही, पोर नाही.
सावली म्हणून कुठं नव्हती. रंग नुसते शेजारी शेजारी बसलेले,
पंगतीत ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.

फ्रेम बारा बाय सोळा. चित्र जरा मोठं.
अशा वेळी कडा जातात, धंद्यातलंच आहे ते.
देवांचेही हात गेलेत माझ्या कटरखाली,
कुणी तक्रार केली नाही.
मी डावीकडून दोन बोटं कागद उडवला.

तेवढ्यात लाईट गेली.
सकाळी झाडू मारताना ती चिंधी सापडली:
एक तपकिरी बाही,
टेबलावर टेकलेलं कोपर,
बशीचा अर्धा गोल.

म्हणजे होतं कुणीतरी.
म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोघांतलं एक
मी स्टीलच्या पट्टीला धरून, सरळ रेषेत,
घराबाहेर काढलं.

सर आलेच नाहीत. बदली झाली म्हणतात.
चिंधी पावती-पुस्तकात राहिली, सरांच्याच पानाला.
चित्र घरी नेलं,
टाकीच्या वर लावलं, तिथं खिळा आधीचाच होता.

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
रात्री दोनला.
मथुरा पाइप धरते, मी झाकणं उघडतो.
चोवीस वर्षांत बोलायचं ते बोलून झालंय,
नाहीतर अजून सुरूच केलेलं नाही,
नक्की सांगता येत नाही.

परवा पाणी भरून झालं.
ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली चित्रासमोर.
पाइप अजून ठिबकत होता.
मी म्हणालो, एकटीच आहे बिचारी.
ती म्हणाली, एकटी कशानं?
मान बघा की तिची.
डाव्या अंगाला कुणीतरी बोलायलंय
अन् ही ऐकायली.

चिंधीचं मी काही सांगितलं नाही.
पायातली बादली सरकवली
आणि मथुराच्या डावीकडं जाऊन
उभा राहिलो.