खोका क्रमांक सतरा

गव्हर्नर पेटिंगर आधी मेला,
मग जन्मला.
खोके तिकडूनच उलटसुलट स्कॅन होऊन आले होते
आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
पानामागे सव्वादोन रुपये दराने
मी त्याला टाइप करत होते.

अंत्यविधीचं बिल पहिल्याच रात्री झालं:
अक्रोडाची पेटी, सहा घोडे,
काळे हातमोजे अठरा जोड.
आठवड्याभराने त्याचं लग्न.
मग बापाचं पत्र, पोराला शाळेतून काढतोय,
पिठाच्या गिरणीवर हात कमी पडतात.
निवडणूक तो तीनशे अकरा मतांनी जिंकला होता,
हे मला तो हरल्यानंतर कळलं.

अक्षर वाईट. उजवीकडे कललेलं,
जणू प्रत्येक ओळीला घरी जायची घाई.
माझे बाबा मिलच्या टाइम ऑफिसात होते,
त्यांची हजेरीवही अशीच पळायची.
म्हणून मला वाचता यायचं.
म्हणून भोंगाडे सर त्याचे खोके माझ्याकडेच ढकलायचे.

मे महिना. रात्री अकरालाही डांबर मऊ,
आत एसी इतका की उईके मॅडम स्वेटर घालून,
आणि तो लिहितोय: बर्फ खिडकीला लागलाय,
शाई गोठते, दौत चुलीजवळ ठेवतो.

सतरावा खोका दयेच्या अर्जांचा.
त्यात एक हॅना कोल्बीचा,
मुलगा एझ्रा, वय एकोणीस, फाशी.
सहीच्या जागी फुली.
पाठीवर गव्हर्नरचा शेरा, एकच शब्द:
मंजूर.
आणि त्याच्या आधी शाईचा डाग.
‘ना’ मावेल एवढा.

चारशे टक्के मोठा करून पाहिला.
काळ्याचं पांढरं करून पाहिलं.
सर म्हणाले, ‘अवाचनीय टाक अन् पुढे हो.
तुले काय करा लागते?
तसाई तो आतापर्यंत मेलाच असन.’

खरंच होतं ते.

तरी पुढच्या पानांत दोरखंडाची पावती शोधत राहिले,
सुताराची मजुरी.
मिळाली ती तुरुंगाच्या कोठीची यादी:
मेणबत्त्या, मीठ, उंदरांसाठी दोन मांजरं,
सुटणाऱ्या कैद्याला बूट, एक जोड.
नाव नाही. महिना तोच, वर्ष फाटलेलं.
एकोणीसपासूनचे खोके दुसऱ्या सेंटरला गेले,
तिकडे पानामागे दोनच रुपये घेतात.

मिल बंद पडल्यावर बाबांनीही एक अर्ज दिला होता,
थकलेल्या पगाराचा, चार प्रतींत.
एक प्रत परत आली. पाठीवर शेरा:
पाहिले.
त्या शब्दावर डागबिग काही नव्हता,
लख्ख वाचता येत होता.

आमच्या नियमावलीत पहिलंच कलम आहे,
जे दिसतं तेच टाइप करा.
मला मंजूर दिसलं.
मी मंजूर टाइप केलं.

क्वालिटीवाल्यांनी ते पकडलं.
त्या महिन्यात माझी अचूकता
अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.
बोनसला पाच लागतात.