टाच

कोल्बी, पहिली गोष्ट : इथे टाच आपटून चालायचं.
जमीन आतून पोकळ झाली की आवाज बदलतो,
रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा.
मीटर नंतर बोलतं. आधी टाच.

हे अख्खं प्रेटर टेकाड म्हणजे त्रेपन्न चर.
वरून गवत, मग माती, मग वाळू, मग काळं प्लास्टिक,
मग दोन हात चिकणमाती, रोलरने दाबून दाबून बसवलेली.
त्याखाली काय आहे ते वहीत आहे. निम्मं.
उरलेलं निम्मं ज्यांनी टाकलं त्यांच्या डोक्यात होतं
आणि ती डोकी आता पलीकडे
बाप्टिस्ट चर्चच्या मागे आहेत, नावांसकट.

माझा बाप, व्हर्लिन आयसन, ट्रकवरून खोकी ढकलायचा.
पुठ्ठ्याची खोकी, फळ्यांच्या पेट्या;
आत हातमोजे, लादी पुसलेल्या फडक्यांचे बोळे, काचेच्या नळ्या,
कुठल्याशा विद्यापीठाचे ससे, चुन्यात घोळवलेले.
तासाला एक डॉलर ऐंशी सेंट.
कोळशाच्या खाणीपेक्षा बरं, म्हणायचा,
निदान डोक्यावर आभाळ असतं.
संध्याकाळी डोझर फिरायचा, की झालं.
पुरलं म्हणजे संपलं, असा सगळा तेव्हाचा हिशेब.

पण पुठ्ठा कुजतो.
पुठ्ठा कुजला की माती खाली बसते,
माती बसली की खळगा, खळग्यात पाऊस,
आणि आत शिरलेल्या पावसाला
खालचा खडक जाऊ देत नाही.
चर हौदासारखे भरले.
कंपनीच्या पोटातलं पाणी काही हललं नाही.
हललं ते सोळा नंबरच्या चरातलं,
कडेने झिरपत ओढ्याच्या वाटेला लागलं.
उतारावरच्या मेपलांनी ते प्यायलं
आणि पानापानांतून हवेत सोडलं, गुपचूप.
त्या वर्षी पानगळीत जो तो गाडी थांबवून म्हणत होता,
काय रंग आलाय!

मेपल आम्हीच तोडले. मी चोवीस वर्षांची होते.
ओंडक्यांनाही नंबर दिले. ओंडकेही पुरले.

तेव्हा आता,
गवत गुडघ्याला लागू द्यायचं नाही.
ससाफ्रासचं रोप बोटभर असतानाच उपटायचं,
मूळ प्लास्टिक विचारून आत जात नाही.
ग्राउंडहॉगने बीळ केलं तर आधी फोटो, मग पिंजरा;
शिव्या मनातल्या मनात.
मंगळवारी पंपाचा आकडा.
कोरडा असेल तरी शून्य लिही. रिकामी जागा सोडू नकोस,
रिकाम्या जागांनीच तर हे सगळं केलं.

ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं,
तू माझ्या वयाचा होईस्तोवर बरंचसं निवलेलं असेल.
प्लुटोनियमचं विचारू नकोस.
तिथे आपण दोघं म्हणजे एक कापणी.

आणि एकतीस नंबर.
एका रात्री बाप अनवाणी घरी आला.
फाटकाशी काटा उडाला म्हणून त्यांनी बूट काढून घेतले,
पेटीत घातले, पेटी चरात.
तीन आठवड्यांचे नवे बूट.
आई बोलली नाही. त्याला भाकरी वाढली, मक्याची,
आणि दुकानदाराला चिठ्ठी लिहायला बसली, उधारीची.
मी टेबलाखालून त्याचे पाय बघत होते.
इतके पांढरे पाय मी कुणाचे पाहिले नव्हते.

छत्तीस वर्षं मी त्या चरावर रोलर
एक फेरी जास्त फिरवते. नियमात नाही.
तू नाही फिरवलास तरी चालेल.

गेल्या गुरुवारी तिथे खळगा आला.
परातीएवढा, बस.
मी खुंटी ठोकली, नोंद केली, चार बादल्या चिकणमाती घातली,
थोडी थोडी, धुमसून.
नोंदीत कारणाचा एक रकाना असतो.
तिथे 'नैसर्गिक' लिहिलंय.
मग गाडीत जाऊन बसले, वायपर चालू केले,
पाऊस नसताना.

ही किल्ली फाटकाची, ही पंपघराची,
ही कशाची ते मलाही माहीत नाही, पण टाकू नकोस.
चल, इथे उभा राहा. आपट टाच.
अजून जोरात.
काही ऐकू आलं?
नाही ना?
हं. तेच लिही.