शिवणं

आजोबा होड्या शिवायचे. काथ्याने.
दाभण आत, दाभण बाहेर,
भोकांत राळ, वरून माशाचं तेल.
ती होडी पाण्यात बसायची
पंगतीत मांडी घालून बसल्यासारखी,
आणि निघाली की पाण्याकडे वाट मागत जायची.

बाबांना वाट मागणं जमलं नाही.
बेतीच्या धक्क्यावर मिंगेलने
भंगारातलं चाळीस घोड्यांचं इंजिन आणून टाकलं,
म्हणाला, मेस्त, याला पळता येतं,
याच्याखाली काहीतरी कर.

मग पोळपाटासारखी सपाट एक, प्लायवूडची.
वेग धरला की नाक उचलायची,
पाण्यातून उठून पाण्यावर यायची.
सकाळच्या निपचित मांडवीत तिला तोड नव्हती.
पण पणजीची फेरी आडवी गेली की
तिच्या लाटांवर थाड, थाड, थाड.
मिंगेलचे दोन दात अजून तिथेच असतील,
शिंपल्यांत.

दुसरीच्या तळाला आडवी पायरी.
पायरीमागे हवा शिरते, बाबा सांगायचे,
आणि तळ सुटतो पाण्याच्या हातून.
सुटला खरा.
वळण आलं तेव्हाही सुटलेलाच होता.
ती खारफुटीत सापडली, मिंगेल चिखलात,
दोघंही शाबूत, दोघंही रागावलेले.

एका रविवारी आई इसवण कापायला बसली
तर बाबांनी मासा उचलून उताणा धरला,
पोटावरून अंगठा फिरवत राहिले.
आई ओरडली. त्यांनी खडू मागितला.
ओटीवर कोन काढला, पुसला, आणखी खोल काढला.
ती तिसरी. लाटेला थापड मारायची नाही,
चिरायची.
आग्वादच्या तोंडाशी, जिथे नदी आणि समुद्र भांडतात,
तिथून ती सगळ्यांच्या आधी परत आली.
सपाट पाण्यात मात्र हरायची.
बाबा म्हणाले, फार शिवते पाण्याला.

हे वाक्य मी दप्तरातून नेलं.

आता चिखलीच्या शेडमध्ये मी साचे करते.
माझ्या बोटीला दोन बारीक पाय, मधे बोगदा.
बोगद्यात वारा भरतो, वारा तिला उचलून धरतो.
जास्त उचललं तर संपलं:
गेल्या वर्षी रुझार जुवारीवर उलटा झाला,
आभाळाकडे तळ करून, एवढा गुळगुळीत तळ
की मला आधी तोच दिसला, रुझार नंतर.
(तो बरा आहे. खांदा दुखतो पावसात.)

परवा बाबांना शेडमध्ये आणलं.
ऐंशी ओलांडलेला माणूस गुडघे मोडून खाली वाकला,
पाठीवर झोपला, आणि तळ वाचू लागला.
कुठे शिवते ही?
मी दाखवलं: इथे, आणि इथे. तळहाताएवढं.
बराच वेळ काही नाही.
मग, पंखा?
पंखा पाण्यातच, बाबा. तो वर आला तर गंमत संपली.
मग ठीक, म्हणाले,
जणू त्यांना कुणाची तरी काळजी होती.

उठताना टेबलावरचं काळं कापड हाताला लागलं,
रेझिनआधीचं, कोरडं, कडा उसवलेली.
त्यांनी दोन बोटांत एक धागा ओढला,
उजेडात धरला.
हे तर विणलंय, म्हणाले. कोणी?
मला सांगता येईना. रोल पार्सलने येतो.

एक तुकडा मागून घेतला त्यांनी.
त्यांची पहिली बोट, ती पोळपाट,
घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी आहे,
नाकाशी गळते.
आईने फोनवर सांगितलं,
दाभण शोधतायत.