मग

एक सोमवार आड, साडेसहाला घंटा वाजते.
वाजवायची गरज नसते, आम्ही बसलेलोच असतो,
पण हॅमिशला घंटा आवडते
आणि अध्यक्षपदाबरोबर दुसरं काही मिळत नाही.
आधी भाजलेलं मटण, वाटाणे, पुदिन्याचा सॉस.
मग दंड: नवे बूट घातले, दोन डॉलर;
पेपरात फोटो आला, दोन डॉलर;
बायकोचा वाढदिवस विसरला, पाच.
मग पाहुणा.
मग आभार.
आणि मग, मग.

पांढरा, चहाचा. अठ्ठ्याऐंशी साली पाचशे मागवले होते,
वर नदीचं चित्र, खाली क्लबचं नाव,
आणि स्थापना १९५७ च्या जागी १५९७.
परत पाठवायचे तर भाडं आपल्याच खिशातून.
रांगी पराताने एक हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला.
पंधराशे सत्त्याण्णव? म्हणाला,
मग हा क्लब आम्हीच काढला असणार,
तुमची गलबतं यायची होती अजून.
पाच डॉलर दंड झाला त्याला. हसत भरला.

मी सेक्रेटरी. इतिवृत्तात छत्तीस वर्षं माझं एकच वाक्य:
पाहुण्यांचं भाषण झालं, आभार मानण्यात आले.

झाली खरी भाषणं.
अंटार्क्टिकाहून आलेल्या माणसाच्या स्लाइड उलट्या लागल्या,
पेंग्विन अर्धा तास छताला लटकून होते
आणि भिडेपोटी कुणी बोलेना.
मेंढीच्या पोटातले जंत, नेमके पुडिंग वाढताना.
अंत्यसंस्कारवाल्या ब्रॉडीला सगळ्यांनी पुढे झुकून ऐकलं,
प्रश्न मात्र एकाचाही नाही.
आणि विनिफ्रेड गिलेस्पी, वाम मासा या विषयावर.
आपल्या नदीतली मादी म्हणे ऐंशी वर्षं एका डोहात काढते,
आणि एका शरदात खाणं सोडते,
डोळे मोठे होतात तिचे,
समुद्राला लागते, टोंगाच्या बाजूला कुठंतरी
अंडी घालते, मरते.
नेमकं कुठं, ते कुणी पाहिलेलं नाही, विनिफ्रेड म्हणाली,
जणू तिनंच कुणाला तसा शब्द दिला होता.

जुन्या वस्तूंचं दुकानही क्लबच चालवतो, शाळेसमोर.
माणूस गेलं की मुलं येतात ब्रिस्बेनहून, पर्थहून,
दोन दिवसांत घर रिकामं करतात,
खोकी दारात ठेवून विमानाला पळतात.
खोक्यात पडदे, केक-टिन, बिनजोडीचे चमचे,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला
पंधराशे सत्त्याण्णव.

नवे मग संपून दहा-बारा वर्षं झाली.
आम्ही उरलो अकरा, वर्गणीतून वीजबिल कसंबसं निघतं.
तेव्हापासून परत आलेलेच देते मी.
सोड्यानं घासते, कागदात बांधते.
हॅमिशला माहीत नाही.

काल पाहुणा होता रॉडेलियो मागसिनो,
नदीपल्याडच्या गोठ्यावर सातशे गायी पिळतो.
गमबूट दाराबाहेर काढून मोज्यांवर उभा राहिला,
कागद हातात, कागद थरथरत.
म्हणाला, रांग गायीच लावतात, आपण नाही.
पहिल्या नेहमी पहिल्या. चारशे बारा नंबर सगळ्यात शेवटी,
पाऊस असो, गारा असोत.
तिला घाई केली तर दूध चोरते.
म्हणून मी थांबतो.
इतकंच. आठ मिनिटं. बसला.
टाळ्या वाजायला जरा उशीर झाला.

मग दिला. कानाशी टवका गेलेला, आत तपकिरी कडं,
कितीही घासलं तरी न गेलेलं.
विनिफ्रेड साखरेशिवाय प्यायची, उकळून काळा.
त्यानं आत पाहिलं. मी टेबलक्लॉथ पाहिला.
मग त्यानं साल वाचलं.
इतका जुना? त्यानं विचारलं.
इतका, रांगी म्हणाला. चौऱ्याऐंशीचा आहे आता,
चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.
रॉडेलियोनं मान लववली आणि मग दोन्ही हातांनी धरला.

रात्री खुर्च्या रचल्या, हीटर बंद केला, वही उघडली.
पाहुण्यांचं भाषण झालं, लिहिलं. आभार, लिहिले.
पुढं समासात, कुणी वाचत नाही तिथं:
गाय क्रमांक ४१२. शेवटी येते.